राखीव गोलकीपर

१२ एप्रिल, शनिवार

डी.सरांनी आज कट्ट्यावर शपथच घेतली. शब्द जसेच्या तसे इथे उतरवून ठेवते, उद्या फिरवायला नकोत. "मेच्या शेवटी भारताची जॉर्डनशी मैत्रीची मॅच आहे. तिच्या शिबिराच्या यादीत आपली अश्विनी नसेल तर मी हा कट्टा सोडेन आणि फुटबॉलवर पुन्हा तोंड उघडणार नाही."

वाचलं तेव्हा ड्यूटीवर होते, चौकशीच्या खिडकीत. माइक चालू राहिलेला. शिरपूरच्या गाडीऐवजी अख्ख्या धुळे स्टँडला माझं "बरं झालं!" ऐकू गेलं. एक म्हातारी खिडकीशी येऊन विचारते, "काय बरं झालं, बाई? गाडी रद्द झाली का?"

'खानदेश फुटबॉल कट्टा'. मोबाईलवरचा ग्रुप. नाव केवढं, आणि माणसं एका जीपमध्ये मावतील. निम्मी जळगावची, निम्मी धुळ्याची, मधे ॲडमिन म्हणून अमळनेरचे कांतीशेठ, तेलाचे व्यापारी. सगळं गाव क्रिकेटमागे असताना ही एवढीच वेडी बायकांचं फुटबॉलसुद्धा बघतात. मी तिथे 'चौकशी खिडकी' या नावाने. फोटो लाल गाडीचा. त्यांना मी पुरुष वाटते. वाटू दे.

सर, तुम्ही तोंड बंद करायचं वचन दिलंय. मी ते पाळवून घेणार.

१३ एप्रिल, रविवार

सुट्टी. हे क्रिकेट बघताहेत, मी अश्विनीच्या जुन्या मॅच. वहीत टिपणं.

अश्विनी गोलकीपर. दक्षिणेतल्या एका क्लबकडून खेळते. आमच्या माहेरच्या गावासमोर बोरी नदी, नदीपलीकडच्या गावची. डी.सरही त्याच गावचे. रिटायर होऊन गावी आले, नदीच्या कोरड्या वाळूत पोरींना शिकवायला लागले, त्यातली ही एक. म्हणजे सरांचं म्हातारपणचं सगळं कौतुक हिच्यात.

आणि मी त्यांच्या उमेदीतली. जळगाव जिल्ह्याची गोलकीपर होते, एकोणीस वर्षांची. राज्याच्या निवडीला जायची यादी मैदानावर वाचली गेली, आदल्या दिवशी "तू आहेसच" म्हणालेले सर माझं नाव सोडून पुढे गेले. सगळ्या पोरींसमोर विचारलं मी. म्हणाले, "तुझं लग्न ठरलंय. जागा वाया जाईल."

जागा वाया. मला कोणी विचारलंही नव्हतं.

आबांनी, माझ्या वडिलांनी, जळगावहून आणलेले हातमोजे होते. तेव्हा केवढे महाग. त्या वर्षी आबांनी ते घालून शेतातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटल्या. म्हणे, काटे टोचत नाहीत.

१५ एप्रिल

कट्ट्यावर दिवसभर भांडण. दोन गोलकीपर पक्क्या, त्यात वाद नाही. तिसरी कोण? जळगाववाले एकमुखाने अश्विनी. धुळ्याचे दोघे मणिपूरच्या एका उंच पोरीच्या बाजूने, ते केवळ जळगावला विरोध म्हणून. कांतीशेठ म्हणाले, "मैत्रीनी मॅच शे, लढाई नही. नवी पोर खेळाडो, काय बिघडस?"

मी एवढंच लिहिलं: "उंच बॉल सुटतो तिच्याकडून."

डी.सर लगेच: "पुरावा?"

पुरावा म्हणे. थांबा सर.

१७ एप्रिल

पुरावा तयार. गेल्या मोसमात अश्विनीने खाल्लेल्या गोलांपैकी जे कॉर्नरवर, उंच बॉलवर झाले, तेवढेच काढून एकापुढे एक जोडले. एकदा ती फार पुढे येते, एकदा फार उशिरा, एकदा स्वतःच्याच स्टॉपरवर आदळते. तिने वाचवलेले? ते नाही जोडले. वचन पुराव्याचं होतं, न्यायाचं नाही.

हे खांद्यावरून बघून म्हणाले, "तुझं काय वाईट केलं या पोरीने?"

म्हटलं, "काही नाही."

"मग?"

जेवायला वाढलं. शेवभाजी तिखट झाली होती. मुद्दाम नाही. बहुतेक.

१८ एप्रिल

चित्रफीत कट्ट्यावर टाकली. कांतीशेठनी ती कुठल्याशा मोठ्या फुटबॉल पानावर पाठवली, त्यांनी आपला शिक्का मारून लावली. मराठी, मल्याळी, बंगाली, सगळे हसताहेत. "हातात तेल लावून येते का?" असं एकाने लिहिलं. त्यावर कांतीशेठनी लिहिलं, "आमच्या तेलाची बदनामी नको."

डी.सरांचा हिरवा ठिपका दिवसभर दिसत होता, म्हणजे वाचत होते.

छान झोप लागली.

२१ एप्रिल, सोमवार

यादी आली.

अश्विनी नाही. नावं वरून खाली, खालून वर वाचली. गोलकीपर तीन, तिसरी मणिपूरची.

नंदुरबारची गाडी लागली म्हणून सांगताना आवाज फुटला. आता कट्ट्यावर ती करड्या अक्षरांतली ओळ येईल, अमुक यांनी ग्रुप सोडला. चहासुद्धा नको म्हटला. वाट बघत बसले.

नंतर डी.सर: "खाली बघा. राखीव खेळाडू."

राखीवमध्ये होती. गोलकीपर, अश्विनी.

२२ एप्रिल

राखीव म्हणजे यादीत की यादीबाहेर? यावर काल रात्रीपासून कट्टा पेटलाय. धुळेवाले: शिबिराला जायचं नाही, म्हणजे बाहेर. जळगाववाले: कागद एकच आहे, म्हणजे आत. एकाने बसच्या वेटिंग तिकिटाचं उदाहरण दिलं. मी खिडकीत बसणारी बाई, वेटिंगवाला गाडीत नसतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत? लिहिलं तसं. कोणी ऐकेना.

कांतीशेठनी ॲडमिन म्हणून निकाल दिला: "राखीवबी यादीमाच शे. सर कोठे जावाना नहीत."

सरांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मला ते तोंडावर मारल्यासारखं लागलं.

बरं. राखीव तर राखीव. राखीव बोलावली जात नाही, मॅच होऊन जाते, मग बघू सर कोणता कागद दाखवतात. मीही राखीवच होते एका वर्षी. कोणी आजारी पडत नाही. सगळ्यांची तब्येत ठणठणीत असते.

२९ एप्रिल

माहेरी. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, खानदेशातली कुठली लेक सासरी थांबते? साहेबांकडे रजेचा अर्ज दिला तर वाचलासुद्धा नाही, सही करून मोकळे.

ऊन असं की ओट्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. आबा खाटेवर. कान गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू, पण पत्त्यांचा डाव मांडायचा म्हणून खुशीत. वहिनीने खापरावर पुरणपोळ्या केल्या, पातळ, मोठ्या. रस हापूसचा नाही, आपल्या गावरान आंब्याचा. चार वाट्या प्याले. त्या वेळेपुरती सरांना विसरले.

आबांनी विचारलं, "धुये कसं शे?"

म्हटलं, "तापलंय."

१ मे

आज नदीवर आखाजीच्या गौराईला निरोप. लिहायला हात शिवशिवतोय, सगळं नीट लिहून ठेवते.

दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर. मधे बोरीची वाळू, आणि गौराईपुरतं एका डबक्यात पाणी. दरवर्षीप्रमाणे शिव्या. आमचा काठ त्यांच्या गावाला, त्यांचा आमच्या. कोणाची सासू, कोणाचा नवरा, कोणाच्या घरची पुरणपोळी, काही सोडायचं नाही. मधेच ढेकळं फेकायची. नियम एकच: गौराई पाण्यात गेली की तोंड बंद, आणि नदीवरचं घरी न्यायचं नाही. त्या नियमावर पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी वर्षभराचं पोट मोकळं केलंय.

मी पुढे झाले आणि पहिलंच नाव डी.सरांचं घेतलं. तुमच्या गावचा मास्तर, खोटारडा, आदल्या दिवशी आहेस म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी खोडतो. आमच्या काठाने "हाव!" केलं. मजा आली. बावीस वर्षं तोंडात धरलेलं मोकळ्या नदीत ओरडले. मग तोंड सुटलंच. म्हटलं, तुमची ती गोलकीपर, तिला ना उंच बॉल धरता येतो, ना...

पलीकडून एक पोरगी वाळूत उतरली. हिरवी साडी, पदर खोचलेला, डाव्या काखेत गौराईची टोपली. मी मॅचमध्ये शंभरदा पाहिलेली चाल. अश्विनी. क्लबचा मोसम संपला म्हणून घरी आलेली.

"आठे ये ना वं! मन्हासमोर उभी ऱ्हाय! मोबाईलमा काय दखाडस?"

म्हणजे तिने ओळखलं. उंच बॉल हा शब्द खानदेशात आणखी कोण बोलणार.

मला काय झालं कोण जाणे. हाताशी मोठं ढेकूळ होतं, उचललं आणि मारलं. तिच्यावर नाही. वर. कॉर्नर येतो तसं, उंच, सूर्याच्या बाजूने, तिच्या डोक्यामागे पडेल असं. गोलकीपरला नको असतो तसला बॉल. मला माहीत आहे कसला नको असतो.

ती मागे सरकली. दोन पावलं आडवी, मग एक मागे, डोळे उन्हात मिटले नाहीत. टोपली काखेतच. उजवा हात वर गेला आणि ढेकूळ हातात. फुटलंही नाही. एका हाताने, साडीत, वाळूत.

दोन्ही काठ ओरडले. आमचाही! आमच्या बायका तिच्यासाठी ओरडल्या, मेल्या.

वहिनी मोबाईल धरून उभी होती. "दख ना वं, एकच हातमा धरं!"

गौराई पाण्यात गेली. शिव्या बंद. वर येताना अश्विनी माझ्याजवळ आली, पायाला हात लावला. "मावशी, ढेकूळ भारी फेकं तुम्ही."

मी हातांची माती पदराला पुसली.

२ मे

वहिनीकडून ते चित्रण माझ्या मोबाईलवर घेतलं आणि तिच्या मोबाईलमधून पुसून टाकलं. म्हटलं, जागा भरली होती.

ती बघत राहिली. "बाई, नदीवरनं घर नही आनतंस."

३ मे

धुळ्याला परत. सोनगीरचा किल्ला दिसेपर्यंत तेच चित्रण बघत होते. आवाज बंद करून.

पाऊल बरोबर. डोकं बरोबर. उशिरा नाही, लवकर नाही. मी जोडलेल्या चित्रफितीवर ते एक ढेकूळ भारी पडेल. म्हणूनच ते माझ्याकडे राहणार. कोणी दोन महिन्यांत शिकत नसतं हे, म्हणजे तिला येत होतं, आणि मोसमात चुका झाल्या, गोलकीपरच्या होतात तशा. मला हे आधीच माहीत होतं का? हो.

पण सरांना आनंद द्यायचा नाही. विषय संपला.

१० मे

शिबिरातून बातमी. दुसऱ्या गोलकीपरचं बोट मोडलं. राखीवांतून एक बोलावणार. राखीव गोलकीपर दोन: अश्विनी आणि केरळची एक.

कट्ट्यावर आग. जळगाववाले नवस बोलताहेत. कोणी म्हणतो, जॉर्डनच्या पोरी उंच, कॉर्नरवरच मारतील, मग ती चित्रफीत बघून कोच हिला कशाला घेईल? दुसरा म्हणतो, कोच असल्या चित्रफिती बघतच नाही. त्यावर निम्मे कट्टेकरी: "बघतो! सगळे बघतात!"

कोणी तरी लिहिलं: "चौकशी खिडकी, तुम्ही वाट लावली."

लावली तर लावली.

११ मे, रविवार

फोन आला. अनोळखी नंबर.

"चौकशी खिडकी साहेब का? नंबर कांतीशेठनी दिला. मी दिनकर..."

मी हॅलो म्हणाले. ते थांबले. "तुम्ही बाई आहात?" मग म्हणाले, "हा आवाज कुठेतरी ऐकलाय. धुळ्याच्या स्टँडवर?"

हसू आलं आणि संताप आला. या माणसाच्या कानात माझा आवाज म्हणजे गाडी कुठे लागली, एवढाच. म्हटलं, "जिल्ह्याची गोलकीपर होते मी, सर. ज्योती. नदीअलीकडची."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"आबांची ज्योती."

"जागा वाया जाईल म्हणाला होतात."

मग जे बोलले ते जमेल तसं लिहिते. आदल्या रात्री आबा नदी ओलांडून त्यांच्याकडे गेले होते. सोयरीक मोडेल म्हणाले. पोरगी महिनाभर बाहेर राहिली तर पाहुणे नाही म्हणतील. नाव काढा, पण मी सांगितलं हे तिला सांगू नका, ती माझ्याशी बोलायची नाही. सर म्हणाले, "मी शब्द दिला. म्हणून कारण माझ्या तोंडून आलं."

म्हटलं, "आणि तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

एवढंच. माफीबिफी नाही. मग हळू आवाजात: "अश्विनीचे वडीलपण आले होते फाल्गुनात. तेच बोलणं. या वेळी नाही म्हणालो. तर म्हणाले, बोलावणं आलं तर खेळू देतो, नाही आलं तर जूनमध्ये लग्न. म्हणून मी कट्ट्यावर तसं लिहून बसलो. आता ती चित्रफीत काढशील का?"

फोन ठेवला मी.

११ मे, पुन्हा

खोटं बोलत असतील. कातडी वाचवायला आबांचं नाव. आबा असं करणार नाहीत. त्यांनी मला हातमोजे आणून दिले होते.

पऱ्हाट्या. हातमोजे घालून पऱ्हाट्या उपटत होते. म्हणजे मला ते पुन्हा लागणार नाहीत हे त्यांना...

नाही लिहीत.

१२ मे

टाकलं. नदीचं चित्रण. वहिनीचा ओरडणारा आवाज, साडी, टोपली, ढेकूळ, सगळं. खाली लिहिलं: "उंच बॉल." कट्ट्यावर, आणि त्या मोठ्या पानावरही.

सरांसाठी नाही. त्यांना मी सोडलेलं नाही. अश्विनीच्या बापासाठी. त्याने जूनचं कार्यालय ठरवून ठेवलं असेल तर त्याला ठसका लागावा म्हणून. माझ्या हातून तिच्याबाबतीत तेच व्हायला निघालं होतं जे माझ्याबाबतीत झालं, आणि तेही मी चवीने करत होते. याची लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त राग आला, आणि राग मला जास्त बरा जमतो.

दुपारपर्यंत देशभर. बंगाली, मल्याळी, सगळे. "साडीत एवढं, तर किटमध्ये किती?" कांतीशेठनी लिहिलं, "हातमा तेल नव्हतं, सिद्ध व्हयनं."

१४ मे

अश्विनीला बोलावणं.

चित्रणामुळे की केरळच्या पोरीला ताप होता म्हणून, कोणाला माहीत. कट्टेकरी मात्र जणू स्वतः कोच. जळगाव आणि धुळे पहिल्यांदा एका बाजूला. डी.सरांचा हिरवा ठिपका तेवढा दिसत होता.

१६ मे

स्टँडवर. अश्विनी मुंबईच्या गाडीसाठी आली. सोबत बाप, तोंड पाडून, बॅग पोरीच्या खांद्यावर आणि याचे हात मागे. सर नव्हते. बरं झालं.

खिडकीतून दिसलं ते. माइक समोरच होता.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. भारतीय फुटबॉल संघाच्या गोलकीपर अश्विनी मुंबईच्या गाडीकडे येत आहेत. त्यांच्या वडिलांना विनंती आहे, की त्यांनी बॅग उचलावी."

अख्खा स्टँड वळला. हमाल, कंडक्टर, रसवाला. त्याने बॅग उचलली. दोन्ही हातांनी. कोणी तरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून झापलं, माइक घरचा आहे का म्हणून. खुशाल झापा. आज काही टोचलं नाही.

अश्विनी खिडकीकडे बघून हसली. मी पुढची गाडी पुकारली.

१८ मे, रविवार

माहेरी गेले. आबांना विचारलं. कानाशी तोंड नेऊन, ओरडून, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळलं असेल. डी.सरांकडे गेला होतात का?

त्यांनी डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही.

"हा. मीच सांगं व्हतं."

"का?"

"तू गयी आसती ते परत उनी नसती." मग, "च्या कर."

चहा केला नाही. वहिनीने केला. बावीस वर्षं मी चुकीच्या दारासमोर उभी राहून शिव्या घातल्या, आणि बरोबर दार हे, जिथे मी दर आखाजीला रस पीत होते. सगळ्यात वाईट म्हणजे आबा खरं बोलले. परत आले नसते मी. गेले असते कुठे तरी, आणि आले नसते. ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

सासर वाईट नाही मिळालं. हे चांगलेच आहेत. तो मुद्दाच नाही.

पुढच्या आठवड्यात आबांचे डोळे दाखवायला धुळ्याला न्यायचं ठरवलं. वहिनी खुश. तिला वाटतं, मी माफ केलं.

२७ मे

आबा आमच्याकडे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या डोळ्याने टीव्ही बघायला हरकत नाही, थोडा वेळ.

थोडा वेळ नाही. नव्वद मिनिटं.

डी.सरांनी आज कट्ट्यावर मला उद्देशून लिहिलं: "खिडकी, मॅच बघणार ना?" कट्ट्याला अजून कळलेलं नाही खिडकी कोण. सरांनी सांगितलं नाही. शब्द पाळणं त्यांना जमतं, हे मान्य. पाळायला नको तेही पाळतात. उत्तर दिलं नाही. द्यायचं तेव्हा देईन, आणि ते त्यांना आवडणार नाही.

३० मे, शुक्रवार

मॅच चालू आहे. वही मांडीवर.

हे मित्राकडे गेलेत. आबांना खुर्ची टीव्हीसमोर, जवळ. उठून आत जायला निघाले एकदा, हात धरून बसवलं. "बसा. ही मॅच बघायचीच." घाबरले की काय, बसले. बरं वाटलं मला. अगदी वाईट बरं.

पहिला हाफ शून्य-शून्य. जॉर्डनच्या पोरी खरंच उंच. अश्विनी बाकावर, ट्रॅकसूट. कॅमेरा तिच्यावर एकदाच गेला. कट्ट्यावर लगेच फोटो. धुळेवाले म्हणतात, मैत्रीच्या मॅचमध्ये तिसरी गोलकीपर उतरवायला काय जातं. जळगाववाले म्हणतात, कोचला अक्कल असेल तर उतरवेल. कांतीशेठ देवाजवळ बसलेत.

दुसरा हाफ. आपली गोलकीपर आणि त्यांची स्ट्रायकर धडकल्या. आपली उठेना. स्ट्रेचर.

मणिपूरची उभी राहते आहे. नाही, ती बसली. कोच अश्विनीला बोलावतोय.

ती जाकीट काढतेय. हातमोजे घालतेय. दाताने पट्टी ओढून घट्ट करते, मीपण तशीच करायचे.

आबांनी मान पुढे केली. "हाई आपली पोर शे का?"

मी सांगितलं नाही. तेवढं तरी मी त्यांना देणार नाही. मग कानाशी जाऊन ओरडलेच, "हो! नदीपलीकडची! हिचा बापपण नको म्हणत होता!"

त्यांनी एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे. काही तरी पुटपुटले, ऐकू आलं नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

कट्ट्यावर सगळे ठिपके हिरवे. सरांचापण.

जॉर्डनला कॉर्नर. त्यांची ती उंच नऊ नंबर गोलसमोर येऊन उभी राहिली, अश्विनीच्या अगदी पुढ्यात, डोळ्यांवर नदीवरच्या उन्हाच्या जागी दिवे. मारणारीने हात वर केलाय. आबांनी माझं मनगट पकडलंय, आणि मी सोडवून घेत नाही, का ते नंतर लिहीन. बॉल वर गेलाय. उंच...